मध्यमाकडून स्पष्टाकडे : फुप्फुसाच्या कर्करोगावरील किरणोपचारातील मात्रेचे गणित



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. गणितात मला फारसे यश लाभले नाही. पुढे मी भाषेकडे वळलो आणि उभे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. त्यामुळे व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा संत-साहित्यावर वा माळव्यातील मराठीवर बोलावे, अशीच आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज गणितावरच बोलणार आहे. उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर गुरुजी अर्धा गुण कापीत. तो अर्धा गुण किती मोलाचा होता हे मला वयाच्या उत्तरार्धात, एका रुग्णालयाच्या बाकावर बसून उमगले. ते ऋण आज फेडावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बंधूंना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तीस वर्षे सिगारेट ओढल्याचा तो परिणाम होता, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. शस्त्रक्रिया शक्य नव्हती. औषधोपचाराबरोबर किरणोपचार द्यावयाचे ठरले. सी. टी. स्कॅन झाले, छातीवर खुणा झाल्या, आणि मग आठ दिवस काहीच घडले नाही. रोज विचारावे, रोज एकच उत्तर मिळावे : 'प्लॅनिंग चालू आहे.' घरात कर्करोगाचा रुग्ण असताना आठ दिवस किती लांब असतात, हे ज्यांनी भोगले त्यांना सांगावयास नको. नवव्या दिवशी माझा संयम सुटला. समोर आलेल्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला मी नको ते बोललो. 'यंत्र तयार आहे, रुग्ण तयार आहे, मग तुम्ही कशाची वाट पाहता?' असे माझे शब्द होते. तो मुलगा रागावला नाही. 'काका, आत या, दाखवतो,' एवढेच म्हणाला आणि संगणकासमोर त्याने मला खुर्ची दिली. त्या तासाभरात मी जे पाहिले आणि पुढे वाचून, विचारून जे समजून घेतले, तेच आपल्यापुढे मांडीत आहे.

वेधशाळेचा धडा

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांनी जीर्णोद्धार केलेली वेधशाळा आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत पाहिली आहे. तेथील सम्राट यंत्राची सावली पाहून आपण मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहत असू आणि दोहोंत फरक दिसला की यंत्र चुकले असे म्हणून हसत असू. यंत्र चुकलेले नसते. ते उज्जैनची सौर वेळ दाखविते. घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची वेळ दाखविते. उज्जैन पाऊण-शहात्तर अंशांवर आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सुमारे २७ मिनिटे मिळवावी लागतात. तेवढ्यानेही भागत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली असल्याने सूर्य वर्षभर सारख्या गतीने चालताना दिसत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास आणखी १४ मिनिटे मिळवावी लागतात, तर नोव्हेंबरच्या प्रारंभी १६ मिनिटे वजा करावी लागतात. एकच सावली, पण तिचा अर्थ कधी ४१ मिनिटांनी बदलतो, कधी ११ मिनिटांनी.

आपल्या ज्योतिषगणितात अशा दुरुस्तीला 'संस्कार' म्हणतात. सरासरी गतीने काढलेले ग्रहाचे स्थान ते 'मध्यम', आणि सर्व संस्कार करून मिळालेले, आकाशात प्रत्यक्ष जुळणारे स्थान ते 'स्पष्ट'. प्राचीन ज्योतिषी मध्यरेषा उज्जैनवरूनच मानीत. त्यामुळे इतर गावच्या गणितज्ञाला देशांतर-संस्कार करावा लागे, उज्जैनच्या गणितज्ञाला तो करावा लागत नसे. आज प्रमाणवेळेची रेषा पूर्वेकडे गेली आणि तोच संस्कार आपल्या वाट्याला आला. हे तीन शब्द, मध्यम, स्पष्ट आणि संस्कार, आपण लक्षात ठेवावेत. किरणोपचारातील मात्रेचे सारे गणित या तीन शब्दांत बसते.

मात्रा म्हणजे काय?

वैद्याची मात्रा उगाळून चाटविता येते. तिला रंग, रुची, वजन असते. किरणोपचाराची मात्रा म्हणजे शरीराच्या एखाद्या भागाने शोषून घेतलेली ऊर्जा. दर किलोग्रॅम पेशीजालात एक जूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक 'ग्रे' झाली. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरोल्ड ग्रे यांच्या स्मरणार्थ १९७५ साली हे नाव स्वीकारले गेले. फुप्फुसाच्या पसरलेल्या पण छातीपुरत्याच मर्यादित असलेल्या कर्करोगात रूढ मात्रा ६० ग्रे आहे. ती एकदम न देता रोज २ ग्रे याप्रमाणे, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवड्यांत तीस बैठकांत देतात. दोन बैठकांच्या मधल्या काळात निरोगी पेशी आपली मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे साधत नाही. या फरकावरच उपचाराची भिस्त आहे.

दोन ग्रे ऊर्जेने पाणी तापविले तर त्याचे तापमान एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाने वाढेल. म्हणजे रुग्णाला त्या खोलीत काहीही जाणवत नाही. ऊब नाही, वेदना नाही. मात्रा दीडपट पडली वा निम्मी पडली, तरी त्या क्षणी रुग्णाला कळत नाही, डॉक्टरांना दिसत नाही. चूक झालीच तर ती महिन्यांनंतर प्रकट होते : कमी पडलेली मात्रा गाठ पुन्हा वाढल्याने, जास्त पडलेली मात्रा दम लागण्याने वा गिळताना होणाऱ्या त्रासाने. इंद्रियांना जे समजत नाही त्याचा भरवसा केवळ गणितावर ठेवावा लागतो.

हे गणित किती काटेकोर असावे? प्रारणाच्या मापनासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली असे सुचविले की रुग्णाला प्रत्यक्ष मिळणारी मात्रा आणि लिहून दिलेली मात्रा यांत पाच टक्क्यांहून अधिक अंतर नसावे. कारण मात्रेतील पाच टक्क्यांच्या फरकाने गाठ आटोक्यात येण्याची शक्यता अंदाजे दहा ते वीस टक्क्यांनी बदलू शकते. अन्य कोणत्याही औषधाच्या बाबतीत पाच टक्क्यांची चिंता आपण करीत नाही. पातळ औषधाचा चमचा आपण कधी काठोकाठ भरतो, कधी जरा कमी. येथे तशी मुभा नाही.

मग थोडी अधिकच मात्रा दिली तर काय बिघडले, असा प्रश्न कोणीही विचारील. अमेरिकेत हा प्रश्न खरोखरच तपासून पाहण्यात आला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या एका गटाला ६० ग्रे व दुसऱ्याला ७४ ग्रे मात्रा देण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६० ग्रेच्या गटाचे मध्यक आयुर्मान २८.७ महिने, तर ७४ ग्रेच्या गटाचे २०.३ महिने भरले. अधिक मात्रेने रुग्ण अधिक जगले नाहीत. छातीत गाठीला लागून हृदय आहे, अन्ननलिका आहे, पाठीमागे मज्जारज्जू आहे, आणि सभोवती निरोगी फुप्फुस आहे. मज्जारज्जूला साधारणतः ४५ ते ५० ग्रेच्या पुढे जाऊ देत नाहीत. निरोगी फुप्फुसाचा जेवढा भाग २० ग्रे वा त्याहून अधिक मात्रा घेतो, तो एकूण फुप्फुसाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. गाठीला पूर्ण मात्रा आणि शेजाऱ्यांना शक्य तितकी कमी, अशी ही दुहेरी अट आहे.

पाण्याचा माणूस

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. किरण शरीरात शिरल्यावर कोणत्या खोलीवर किती मात्रा पडेल, हे मोजावयाचे कसे? जिवंत माणसाच्या छातीत उपकरण बसविता येत नाही. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ पाण्याची मोठी टाकी घेतात, यंत्राचा झोत तिच्यावर सोडतात आणि पाण्यात निरनिराळ्या खोलीवर मात्रा मोजतात. माणसाचे शरीर बव्हंशी पाण्याचेच असल्याने स्नायू, यकृत, मूत्राशय अशा भागांसाठी पाण्यातील मोजमाप बरेचसे जुळते. सध्या बहुतेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सहा मेगाव्होल्टच्या क्ष-किरणांची मात्रा दीड सेंटिमीटर खोलीवर सर्वाधिक असते आणि तेथून पुढे पाण्याच्या दर सेंटिमीटरला साधारण तीन ते चार टक्क्यांनी उतरत जाते. ही झाली 'मध्यम' मात्रा : माणूस आरपार पाण्याचा आहे असे गृहीत धरून काढलेली.

परंतु छाती पाण्याची नाही. फुप्फुस हे हवेने भरलेले, स्पंजासारखे इंद्रिय आहे. त्याची घनता पाण्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते. दहा सेंटिमीटर फुप्फुस ओलांडताना किरणांना जणू अडीच सेंटिमीटर पाणीच लागते. म्हणजे फुप्फुसापलीकडे पोहोचणारी मात्रा पाण्याच्या हिशेबापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने अधिक भरू शकते. बरगडीचे घट्ट हाड वाटेत आले तर उलट परिणाम होतो. तेव्हा किरणाच्या वाटेवर कोठे किती घनतेचे द्रव्य आहे, हे बिंदूबिंदूला ठाऊक असल्यावाचून मात्रा 'स्पष्ट' होत नाही.

येथे विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठी गोष्ट दडली आहे. १९५६ साली दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ॲलन कॉर्मॅक नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काही काळ किरणोपचार विभागाच्या कामावर देखरेख करीत होते. शरीर एकजिनसी मानून मात्रा काढली जाते हे त्यांना खटकले. निरनिराळ्या दिशांनी किरण सोडून बाहेरून घेतलेल्या मापांवरून आतील घनतेचा नकाशा गणिताने काढता येईल का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि १९६३ व १९६४ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्याकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र बनविले आणि १९७१ साली पहिल्या रुग्णाचे सी. टी. स्कॅन झाले. १९७९ सालचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. आज गल्लोगल्लीच्या निदानकेंद्रात ज्याची पाटी दिसते ते स्कॅन निम्मे तरी मात्रेच्या हिशेबातील अडचणीतून जन्मले. त्या स्कॅनमधील प्रत्येक ठिपका म्हणजे एक अंक आहे : पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, फुप्फुसाला उणे सातशे-आठशेच्या घरात. माझ्या बंधूंच्या छातीचे असे लक्षावधी अंक त्या मुलाने मला पडद्यावर दाखविले. चित्र डॉक्टरांसाठी होते, अंक त्याच्यासाठी.

दुसरा, अधिक अवघड संस्कार

घनतेचा संस्कार केला की काम संपले, असे कित्येक वर्षे मानले जात होते. पण छातीने आणखी एक कोडे घातले. क्ष-किरण पेशींना थेट मात्रा देत नाहीत. ते आधी इलेक्ट्रॉनांना धक्का देऊन गतिमान करतात आणि ते इलेक्ट्रॉन वाटेत आपली ऊर्जा सोडीत जातात. पाण्यात हे इलेक्ट्रॉन फार दूर जात नाहीत. जेवढे एका जागेतून बाहेर पडतात जवळजवळ तेवढेच शेजारून आत येतात आणि देवाणघेवाणीचा तोल राहतो. विरळ फुप्फुसात तेच इलेक्ट्रॉन तिपटी-चौपटीने दूर धावतात. फुप्फुसात एकटीच बसलेली लहान गाठ असेल आणि तिच्यापुरताच अरुंद झोत सोडला असेल, तर झोताच्या कडेचे इलेक्ट्रॉन बाहेर निघून जातात, त्यांच्या जागी येणारे पुरेसे नसतात, आणि गाठीच्या कडेला हिशेबापेक्षा कमी मात्रा पडते. कर्करोग पुन्हा उगवतो तो बहुधा अशा उपाशी राहिलेल्या कडेवरून.

जुन्या संगणकीय पद्धती किरणाच्या सरळ वाटेवरील घनता पाहत, आजूबाजूची घनता पाहत नसत. त्या पद्धतींना दोष देण्याचे कारण नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' रचले तेव्हा ज्या-कोटिज्यांची किचकट कोष्टके टाळून सोपी सूत्रे दिली. त्यामुळे गावोगावच्या जोशांना पंचांग करणे सुलभ झाले आणि तो ग्रंथ शतकानुशतके चालला. कालांतराने गणित आणि आकाश यांत अंतर दिसू लागले, तेव्हा व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्यांना नवे गणित मांडावे लागले. सुलभीकरण हा अपराध नसतो. ते कोठवर चालते आणि कोठे मोडते, हे विसरणे हा मात्र अपराध ठरतो. किरणोपचारातील सोपी पद्धत ओटीपोटात चालून गेली. छातीत, विशेषतः लहान गाठीच्या बाबतीत, तिने दहा टक्के आणि क्वचित त्याहूनही अधिक अशी चूक केली.

नव्या पद्धती इलेक्ट्रॉनांच्या प्रवासाचाही हिशेब ठेवतात. त्यांतील सर्वांत मूलगामी पद्धतीचे नाव ऐकून मला हसू आले : माँटे कार्लो, म्हणजे मोनॅकोतील प्रसिद्ध जुगारघर! १९४६ साली आजारातून उठत असताना स्तानिस्लाव उलाम हे गणितज्ञ पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडीत होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव प्रत्यक्ष खेळून मोजावे, असे त्यांना सुचले. त्यातून ही पद्धत निघाली. संगणक एकेक कण छातीत सोडतो, तो कोठे आदळेल हे जणू फासा टाकून ठरवितो, आणि अशा कोट्यवधी कणांच्या प्रवासाची बेरीज करतो. उत्तरातील अनिश्चितता निम्मी करावयाची तर कण चौपट सोडावे लागतात. म्हणूनच अचूकतेला वेळ लागतो.

याचा व्यवहारात किती फरक पडतो, याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत फुप्फुसातील लहान गाठींवर तीनच बैठकांत मोठी मात्रा देण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले आणि ते अत्यंत आशादायक होते. प्रयोगात प्रत्येक बैठकीस २० याप्रमाणे ६० ग्रे मात्रा लिहिली होती, पण ती घनतेचा संस्कार न करता, म्हणजे पाण्याचा माणूस मानून. त्याच योजनांची संस्कारासह पुन्हा गणना केल्यावर असे दिसले की तोच उपचार ५४ ग्रे, म्हणजे प्रत्येक बैठकीस १८ ग्रे, असा लिहिला पाहिजे. उपचार तोच, यश तेच. अंक मात्र बदलला. आता कल्पना करा की एखाद्या रुग्णालयाने अचूक गणित वापरले आणि तरीही जुन्या कागदावरचा ६० हाच अंक पाळला. तेथील रुग्णाला प्रयोगातील रुग्णांपेक्षा अकरा टक्के अधिक मात्रा मिळेल. याउलट ५४ हा नवा अंक घेऊन जुन्या गणिताने उपचार केला, तर ती कमी पडेल. अंकाला गणिताच्या पद्धतीपासून तोडता येत नाही. गुरुजी एककासाठी अर्धा गुण का कापीत, याचे याहून मोठे स्पष्टीकरण मला मिळालेले नाही.

यात श्वासाची भर पडते. फुप्फुसाच्या खालच्या भागातील गाठ प्रत्येक श्वासाबरोबर एक-दोन सेंटिमीटर वरखाली होऊ शकते. म्हणून श्वासाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर स्कॅन घेऊन गाठीचा प्रवास आखला जातो. कोठे रुग्णाला श्वास रोखून धरण्याचा सराव देतात, कोठे गाठीच्या साऱ्या प्रवासाला पुरेल इतका झोत ठेवतात. बंधूंना त्या सरावाचे सुरुवातीला हसू येई. नंतर ते घरीही घड्याळ लावून बसत.

माळव्याची हवा आणि मुंबईचे माप

इथवरचे सारे गणित ज्या पायावर उभे असते तो पाया म्हणजे यंत्राचे मूळ मोजमाप. तोच कच्चा असेल तर पुढचे सारे अचूक गणित अचूकपणे चुकेल. हे मोजमाप आयन चेंबर नावाच्या, बोटाएवढ्या उपकरणाने होते. त्याच्या पोकळीत साधी हवा असते. किरणांनी त्या हवेत किती विद्युत्भार निर्माण केला ते मोजून मात्रा काढतात. या उपकरणाचे प्रमाणीकरण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रयोगशाळेत होते, आणि तिची मापे आंतरराष्ट्रीय मापांशी जुळवून घेतलेली असतात. सोनाराच्या तराजूतील वजनावर सरकारी शिक्का असावा, तसे हे आहे.

परंतु शिक्का २० अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा वायुदाब यांसाठी असतो. मुंबई समुद्रकाठी आहे. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच, इंदूर त्याहूनही थोडे उंच. आपल्याकडे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे त्या पोकळीत हवाच तेवढी कमी मावते आणि मात्रा तीच असूनही उपकरण पाच-सहा टक्के कमी आकडा दाखविते. हा संस्कार विसरला, तर मात्रा कमी पडते आहे असे समजून यंत्र तेवढे अधिक सोडले जाईल, आणि आयोगाने दिलेली पाच टक्क्यांची सारी सूट या एकाच विस्मरणात खर्ची पडेल. एकेकाळी ज्या गावाला देशांतर-संस्काराची गरज नव्हती, त्या गावच्या मुलुखात वायुदाबाचा संस्कार चुकविता येत नाही. बॅरोमीटर पाहून रोज तो आकडा लिहिणारा माणूस आपल्याला दिसत नाही. त्याच्यावाचून मात्र उपचार उभा राहत नाही.

अशा माणसांचे शिक्षण आपल्या देशात १९६२ पासून मुंबईत पद्धतशीरपणे सुरू झाले. आज अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार पात्र वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाशिवाय किरणोपचार केंद्र चालविता येत नाही. केंद्रांची परीक्षाही होते. टपालाने एक लहानशी पुडी येते; तीत प्रारण साठवून ठेवणारे स्फटिकचूर्ण असते. केंद्राने तिला सांगितलेली मात्रा देऊन ती परत पाठवावयाची. प्रयोगशाळेत ती तापविली की मात्रेच्या प्रमाणात प्रकाश निघतो आणि केंद्राचा दावा खरा की खोटा ते ठरते. उत्तरपत्रिकेवर नाव न पाहता गुण देणाऱ्या परीक्षकासारखी ही व्यवस्था आहे.

दशांशचिन्हाची किंमत

ही सारी सावधगिरी अतिरेकी वाटत असेल तर दोन घटना सांगतो. दोन्ही अधिकृत चौकशीतून जगापुढे आल्या आहेत.

१९९६ साली मध्य अमेरिकेतील कोस्टारिकाच्या सान होसे शहरात कोबाल्ट यंत्रातील उगम बदलला गेला. कोबाल्टचे सामर्थ्य सव्वापाच वर्षांत निम्मे होते, म्हणजे दरमहा सुमारे एक टक्का घटते. त्यामुळे उगम अधूनमधून बदलावा लागतो आणि उपचाराचा वेळ नव्याने काढावा लागतो. तो काढताना ०.३ मिनिट म्हणजे ३० सेकंद असे धरले गेले. वास्तविक ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. इयत्ता पाचवीतील चूक! त्यामुळे शंभराहून अधिक रुग्णांना पन्नास ते साठ टक्के अधिक मात्रा मिळाली आणि त्यांतील अनेकांना अपरिमित हानी सोसावी लागली.

दुसरी घटना इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरची. तेथे १९८२ साली नवा संगणक आला. तो अंतरासाठी लागणारा संस्कार स्वतःच करीत होता. कर्मचारी मात्र पूर्वीच्या सवयीने तोच संस्कार हाताने पुन्हा करीत राहिले. एकाच गोष्टीचा संस्कार दोनदा झाला. १९९१ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. एक हजाराहून अधिक रुग्णांना पाच ते तीस टक्के कमी मात्रा मिळाली. पहिली चूक एककाची होती. दुसरी, यंत्र काय करते हे न विचारण्याची होती. दोन्ही ठिकाणी माणसे दुष्ट नव्हती, निष्काळजीही म्हणता येणार नाहीत. त्यांचे गणित दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे करून पाहिले नव्हते, एवढेच.

आठ दिवसांचा हिशेब

आता त्या आठ दिवसांकडे परत येतो. त्या मुलाने मला कागद उलगडून दाखविले. पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी स्कॅनच्या प्रत्येक छेदावर गाठ, हृदय, मज्जारज्जू, अन्ननलिका यांच्या सीमा हाताने आखल्या होत्या. त्यानंतर झोतांच्या दिशा ठरल्या. पहिली योजना हृदयाला अधिक मात्रा देत होती म्हणून रद्द झाली. दुसरी मज्जारज्जूच्या मर्यादेला फार खेटून होती. तिसरी मान्य झाली. मग दुसऱ्या स्वतंत्र पद्धतीने तिची पुन्हा गणना झाली. शेवटी बंधूंच्या जागी प्लास्टिकचा नमुना ठेवून, तीच योजना यंत्रावर चालवून, मात्रा प्रत्यक्ष मोजण्यात आली. गणित आणि मोजमाप यांतील फरक दीड टक्का निघाला. त्याखाली दोन सह्या होत्या. 'काका, उद्या सकाळी नऊला घेऊन या,' तो म्हणाला. मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि दुसऱ्या रुग्णाचे कागद घेऊन बसला.

बंधूंचे उपचार सहा आठवड्यांत पूर्ण झाले. त्यानंतर ते सव्वातीन वर्षे आमच्यात होते. त्यांतील पहिली दोन वर्षे तर त्यांनी महाकालाची भस्मारती चुकविली नाही, की नातवाच्या शाळेचे स्नेहसंमेलन चुकविले नाही. त्यांचे आयुष्य गणिताने वाढले असे मी म्हणणार नाही. तो दावा करण्याचा अधिकार मला नाही. मिळालेल्या त्या काळात त्यांना दम लागला नाही आणि गिळताना त्रास झाला नाही, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर उपचारास वेळ का लागतो म्हणून माझ्यासारखे भांडू नका. मात्र मुकाट्यानेही बसू नका. चार प्रश्न अवश्य विचारा. एकूण मात्रा किती ग्रे व किती बैठकांत? तिचा हिशेब फुप्फुसाची घनता धरून केला आहे ना? श्वासाच्या हालचालीची काय व्यवस्था आहे? आणि या योजनेची तपासणी दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे केली आहे का? चांगल्या केंद्रात या प्रश्नांचा राग येत नाही. मिळालेली उत्तरे लिहून ठेवा. पुढे पुन्हा किरण देण्याची वेळ आलीच तर तो कागद फार उपयोगी पडतो.

आणि माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती. दशांशचिन्ह चुकले, एकक राहिले, ताळा केला नाही, म्हणून गुण कापताना आपला हात जड होतो हे मी जाणतो. मीही शिक्षकच होतो. तरीही तो अर्धा गुण कापावा. वर्गातील कोणते मूल उद्या एखाद्या तळघरातील खोलीत, बॅरोमीटरकडे पाहत, अनोळखी माणसाच्या छातीचा हिशेब करीत बसेल, हे आपल्याला आज सांगता येत नाही. ते मूल उत्तर लिहून झाल्यावर पुन्हा एकदा ताळा करील, तर त्यात गुरुजींचा वाटा असेल.